तयार आरसी ट्रक घ्यायचा की स्वतः बनवायचा? मला ४१ तासांनी शिकवलेला हिशेब



मागच्या आठवड्यात गारखेड्यातल्या माझ्या दुकानात दोन पोरं आली. एक पुंडलिकनगरचा, दुसरा पैठणहून आलेला. दोघांच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ चालू होता. फोमशीटचा घरी बनवलेला ट्रक, वर रंगीत बॉडी, मागे उसाची ट्रॉली आणि शेताच्या बांधावरून तो हळूहळू चढतोय.

"सर, पंधरा हजार जमवलेत. तयार आरसी ट्रक घेऊ का स्वतः बनवू? पुढं याचाच धंदा करायचाय."

हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो, म्हणून आज सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगून टाकतो: पहिला ट्रक पूर्ण तयार घ्या. धंद्याचा ट्रक करताना चेसिस तयार घ्या आणि बॉडी स्वतः बनवा. सगळंच स्वतः बनवायचा हट्ट शेवटी, तोही गरज असेल तरच.

हे उत्तर मला फुकट मिळालेलं नाही. बीबीएला कॉस्टिंगच्या पेपरात मला चांगले मार्क होते, तरीसुद्धा पहिल्या कस्टम ऑर्डरमध्ये मी तोंडावर आपटलो. तोच किस्सा आकड्यांसकट सांगतो.

आधी शब्द समजून घेऊ

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. हातातला रिमोट सिग्नल पाठवतो, ट्रकमधला रिसिव्हर तो पकडतो. तिथून सर्व्हो पुढची चाकं वळवतो आणि ईएससी नावाचं छोटं सर्किट मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवतं. आजकालचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात.

बाजारात तीन प्रकार मिळतात.

पहिला, खेळण्यातला ट्रक. यात सगळं एकाच बोर्डवर असतं. बोर्ड गेला की ट्रक गेला. बऱ्याच ट्रकमध्ये स्टीअरिंग एकतर पूर्ण डावीकडे वळतं, नाहीतर पूर्ण उजवीकडे. मधलं काही नाही.

दुसरा, हॉबी प्रकार. यात स्टीअरिंग आणि वेग दोन्ही हाताच्या हिशेबाने कमी-जास्त होतात. याला प्रपोर्शनल कंट्रोल म्हणतात. चांगल्या मॉडेलमध्ये मोटर, सर्व्हो, ईएससी, रिसिव्हर वेगवेगळे असतात, त्यामुळे जे बिघडलं तेवढंच बदलता येतं. डब्ल्यूपीएल आणि एमएन या चिनी ब्रँडचे १:१० ते १:१६ मापाचे ट्रक आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात जास्त दिसतात. त्याच्या वर ट्रॅक्सास, ॲक्झियल असे अमेरिकन ब्रँड आहेत, पण तिथे किंमत अनेक पटींनी चढते.

तिसरा, कस्टम. काहीजण किटपासून सुरुवात करतात. जपानच्या तामिया कंपनीचे १:१४ मापाचे ट्रक असे सुट्या भागांत येतात आणि आपण जोडायचे. आपली गावाकडची पोरं मात्र फोमशीट, पाइपचे तुकडे, गियर मोटर आणि फेव्हिक्विक यांवर थेट शून्यातून ट्रक उभा करतात. त्यांच्या कलाकारीला माझा सलाम आहे. पण कलाकारी वेगळी आणि धंदा वेगळा, आणि आजचा मुद्दा धंद्याचा आहे.

माझी पहिली ऑर्डर

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बिडकीनकडचे एक दादा दुकानात आले. खिशातून एक जुना फोटो काढला. फोटोत एक ट्रक, त्याच्यापुढे उभे त्यांचे वडील. वडिलांनी तो ट्रक बावीस वर्षं चालवला होता, हंगामात ऊस आणि एरवी कापसाच्या गाठी. ट्रक कधीच विकला गेला होता, फोटो तेवढा उरला होता.

"बाबांची एकसष्टी आहे. हा ट्रक त्यांना छोटा करून द्यायचाय. चालणारा पाहिजे. किती घ्याल?"

मी तोपर्यंत स्वतःसाठी दोन ट्रक बनवले होते. व्हिडिओवर लोकांनी कौतुक केलं होतं, त्यामुळे अंगात वारं भरलेलं. मनातल्या मनात सुट्या भागांची बेरीज केली, ती अकरा-साडेअकरा हजार आली. वर थोडे ठेवले आणि म्हटलं, "पंधरा हजार, दादा." त्यांनी सात हजार तिथेच हातावर ठेवले. घासाघीस केली नाही. तिथेच मला कळायला पाहिजे होतं की हा माणूस ट्रक विकत घेत नाहीये, आठवण विकत घेतोय. तेव्हा नाही कळलं.

मी ठरवलं की सगळं स्वतः बनवायचं. चेसिससुद्धा. "शंभर टक्के हॅन्डमेड" असं व्हिडिओत सांगता येईल ना!

खर्च असा झाला:

- सहा चॅनलचा रिमोट आणि रिसिव्हर: ४,६०० रुपये
- पुढचा-मागचा ॲक्सल, गियरसह: १,३००
- मोटर आणि ईएससी: ९५०
- स्टीअरिंगचा सर्व्हो: ३५०
- बॅटरी आणि चार्जर: १,९००
- टायर, स्टेपनीसकट: ९००
- फोमशीट, ॲक्रिलिक, चिकटवायचं सामान: ७००
- प्रायमर, रंग, स्टिकर, दिवे: ८५०

एकूण ११,५५०. इथपर्यंत अंदाज बरोबर होता. पण मोटर-ईएससीचा एक जोड जळला, त्याचे परत ९५०. केबिनचा रंग फुगला, तो खरवडून परत मारला, त्याचे ४००. झाले १२,९००. पंधरा हजारांतून वजा केले की हातात २,१०० उरले.

"नफा तर झाला की!" असं वाटतंय ना? थांबा. मी तेव्हा वहीत तास लिहून ठेवायचो. ती सवय मात्र चांगली होती.

एकूण तास ७४. म्हणजे तासाला साधारण २८ रुपये. ट्रक दिल्यानंतर सर्व्होचे दात गेले, तो बदलायला ३५० रुपये आणि आणखी ३ तास. आता १,७५० रुपये भागिले ७७ तास. तासाला २३ रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि यात दुकानाचं भाडं, वीजबिल, दोनदा बिडकीनला मारलेल्या चकरा, काहीच धरलेलं नाही.

एकसष्टीचा दिवस

जोड जळला तो कार्यक्रमाच्या आदल्या रात्री अकरा वाजता. ट्रक चढावर जोर लावत नव्हता, म्हणून मी दोन सेलच्या बॅटरीसाठी बनवलेल्या ईएससीला तीन सेलची बॅटरी लावली. वर ट्रकचं वजन साडेचार किलोच्या पुढे गेलेलं. गियर रेशो चुकलेला असल्यामुळे मोटर फिरायच्या ऐवजी अडकून करंट ओढत राहिली. दोन मिनिटांत जळका वास आला. दुकानात दुसरा ईएससी शिल्लक नव्हता.

सकाळी मंगल कार्यालयाच्या दारात दादांना सांगितलं, "दादा, ट्रक दिसतोय तसा पूर्ण आहे, पण आज चालणार नाही. दोन दिवसांत करून देतो." दादा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

काकांपुढे ट्रक ठेवला. त्यांनी आधी चष्मा मागितला. मग ट्रक हळूच फिरवून मागून बघायला लागले. मागच्या फाळक्यावर बोट ठेवलं.

"हा पत्रा मी ठोकून घेतला होता. रंग वेगळाच राहिला होता त्याचा. तो पण वेगळाच ठेवलाय यानं."

फोटोत फाळक्याचा एक तुकडा फिका दिसत होता, मी तो तसाच रंगवला होता. मला वाटलं होतं फोटोचा दोष असेल, पण हात आपोआप तसाच फिरला. काका केबिनवरचं देवीचं नाव वाचत होते, नंबर प्लेट वाचत होते, ताडपत्री बांधायचे हुक मोजत होते.

एक नातू म्हणाला, "आजोबा, हा चालत नाही का?"

काका म्हणाले, "बावीस वर्षं चालवलाय. आता जरा उभा राहू दे."

सगळे हसले. मी पण हसलो, पण माझं डोकं दुसरीकडेच होतं. दोन दिवसांनी नवीन ईएससी आणि बरोबर गियर बसवून ट्रक चालता करून दिला. चालणारा सांगून न चालणारा देणं ही माझी चूकच होती, त्यात काही गोड मानून घ्यायचं नाही. पण त्या रात्री वही उघडली आणि ७४ तासांचे दोन भाग केले.

गियर आणि ॲक्सल जुळवणं १७ तास. स्टीअरिंग ११. वायरिंग ६. चाचणी आणि दुरुस्ती ७. म्हणजे चेसिसवर ४१ तास.

बॉडी आणि रंगकाम ३३ तास.

काकांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवलं त्या सगळ्या त्या ३३ तासांतल्या होत्या. उरलेले ४१ तास मी अशा कामावर घातले, जे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि जे कारखाना माझ्यापेक्षा स्वस्तात आणि चांगलं करतो. वर बिघडलं तेही नेमकं त्यातलंच.

मंडळी, या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: गिऱ्हाईक ज्याचे पैसे देतो ते स्वतः बनवा, बाकीचं तयार घ्या.

खरे ट्रकवाले काय करतात?

आता गंमत बघा. ही अक्कल मला आरसीच्या व्हिडिओत शोधायची गरजच नव्हती, ती आपल्या हायवेवर रोज धावते.

मोठा ट्रक घेणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या काय करत आलाय? कंपनीकडून चेसिस घ्यायची. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक सगळं कंपनीचं. मग ती चेसिस बॉडी बिल्डरकडे न्यायची. वाळू भरायची असेल तर तशी बॉडी, ऊस भरायचा असेल तर तशी, कापसाच्या गाठी भरायच्या असतील तर उंच जाळीची. रंग आपला, नाव आपलं, देव आपला. इंजिन घरी बनवायला कुणी बसत नाही आणि कंपनीने दिलेल्या रंगावर कुणाचं समाधान होत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यातलं. टाटा मोटर्सने २००५ मध्ये टाटा एस आणली, आपला छोटा हत्ती. ती कंपनीकडूनच मागच्या हौद्यासकट तयार मिळाली. ज्याला उद्या सकाळपासून भाजी नाहीतर सिलिंडर वाहून चार पैसे कमवायचेत, त्याला बॉडी बिल्डरकडे पंधरा दिवस घालवणं परवडत नाही. त्याच्यासाठी तयार गाडीच बरोबर.

म्हणजे तयार चांगलं की कस्टम चांगलं, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणासाठी आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणि आपल्या शहराचं उदाहरण घ्यायचं तर वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना घ्या. तो १९८५ मध्ये सुरू झाला. पण बजाजची सुरुवात कुठून झाली? आधी इटलीच्या स्कूटर आयात करून विकल्या. मग पियाजिओच्या परवान्यावर इथेच व्हेस्पा बनवल्या. चेतक आली ती १९७२ मध्ये. आधी दुसऱ्याचा तयार माल विकून बाजार समजून घेतला, मग त्यांच्या डिझाइनवर हात बसवला, त्यानंतर स्वतःचं नाव लावलं. एवढ्या मोठ्या कंपनीने पायऱ्या चढल्या. आपण पहिल्याच महिन्यात गच्चीवर उडी मारायला बघतो.

दुसरा ट्रक, दुसरा हिशेब

दादांचा ट्रक बघून त्यांच्याच नात्यातून दुसरी ऑर्डर आली. यावेळी मी तयार हॉबी ट्रक घेतला. वरची प्लॅस्टिकची बॉडी काढून ठेवली आणि त्याच चेसिसवर फोमशीटची बॉडी चढवली. रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं त्याच डब्यात आलं.

- तयार ट्रक: ५,५०० रुपये
- बॉडीचं सामान: १,१००
- रंग, दिवे, स्टिकर: ९००

एकूण ७,५००. बॉडीला १८ तास, कारण आधीच्या ट्रकचे कागदी साचे जपून ठेवले होते. बसवणं आणि चाचणी ४ तास. एकूण २२ तास. किंमत सांगितली १३,००० रुपये. शिल्लक ५,५००, म्हणजे तासाला २५० रुपये.

किंमत आधीपेक्षा दोन हजारांनी कमी, गिऱ्हाईक खूश, आणि माझी कमाई तासाला दहा पटींच्या पुढे. वर बिघडलं तर चेसिसचे सुटे भाग विकत मिळतात, रात्री जागून घडवावे लागत नाहीत.

नुसता तयार ट्रक विकून काय मिळतं, हेही सांगतो. माझ्या दुकानात असा एक नग ४,३०० ला पडतो आणि ५,२०० ला जातो. अर्ध्या तासात ९०० रुपये, ऐकायला छान. पण गिऱ्हाईक दुकानात उभं राहून मोबाइलवर तोच ट्रक शोधतं आणि तीनशे रुपयांनी स्वस्त दाखवतं. शिवाय दहा नग मागवले आणि चार पडून राहिले तर १७,२०० रुपये कपाटात झोपले. तयार मालात तुमची लढाई किमतीशी असते. तुमच्या हातच्या बॉडीची किंमत मात्र कुणी ऑनलाइन शोधू शकत नाही.

मग कुणी काय करायचं?

*तुम्ही एकही आरसी ट्रक चालवलेला नसेल तर* पूर्ण तयार घ्या. हॉबी प्रकारातला, साधा. महिनाभर चालवा. तो मोडेल, मोडायलाच पाहिजे. काय मोडलं, का मोडलं, ते लिहून ठेवा. तीच तुमची शाळा.

*एखादं गिऱ्हाईक विशिष्ट गाडी मागत असेल तर* चेसिस तयार, बॉडी कस्टम. बाजारात तयार मिळणारे बहुतेक ट्रक परदेशी गाड्यांसारखे दिसतात. आपल्या लोकांना पाहिजे असतो आपल्या रस्त्यावरचा ट्रक, आपल्या काकांचा ट्रक. तुमचा धंदा या फरकात आहे.

*पूर्ण कस्टम फक्त तेव्हा,* जेव्हा त्या मापाची किंवा त्या कामाची चेसिस तयार मिळतच नाही. उदाहरणार्थ दहा चाकी, खरोखर वर उचलला जाणारा टिप्पर, किंवा नेहमीपेक्षा खूप मोठं माप. आणि तेव्हाही गिऱ्हाइकाने तुमच्या तासांचे पैसे द्यायला हो म्हटलं असेल तरच.

*छंद म्हणून करणार असाल तर* हा सगळा हिशेब बाजूला ठेवा आणि मनाला येईल ते बनवा. छंदाला तासांचा भाव लावायचा नसतो. गडबड होते ती छंदाच्या भावात धंदा केला की.

चेसिस निवडायचं साधं गणित

बॉडी कस्टम करायची तर आधी माप जुळवावं लागतं. बरेचजण आधी बॉडी कापतात आणि मग चाकं कमानीत बसत नाहीत. उलटं करा.

खऱ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर घ्या, त्याला व्हीलबेस म्हणतात. समजा ते ४,२०० मिलिमीटर आहे. तुमच्या तयार चेसिसचं तेच अंतर समजा ३०० मिलिमीटर. ४,२०० भागिले ३००, म्हणजे १४. तुमचं माप १:१४.

आता खऱ्या गाडीचं प्रत्येक माप १४ ने भागायचं. रुंदी २,४०० असेल तर बॉडी १७१ मिलिमीटर. टायर १,०२० चा असेल तर साधारण ७३ मिलिमीटरचा. चेसिसवरचे टायर ६० चे असतील तर ट्रक बसका दिसेल, ९० चे असतील तर राक्षसासारखा दिसेल. टायर बदलता येतात, व्हीलबेस बदलणं अवघड. म्हणून चेसिस निवडताना आधी व्हीलबेस बघा.

घ्यायच्या आधी दुकानदाराला चार प्रश्न विचारा. स्टीअरिंग आणि वेग दोन्ही प्रपोर्शनल आहेत का? गियर मेटलचे आहेत की प्लॅस्टिकचे? ॲक्सल, सर्व्हो, ड्राइव्ह शाफ्ट सुटे मिळतात का? आणि बॅटरी किती सेलची? उत्तर देताना दुकानदार चाचरत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

बॅटरीशी मस्करी नको

लिपो बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो. त्याच्या वर न्यायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. बॅलन्स चार्जरच वापरा. रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी "अजून चालतेय" म्हणून गिऱ्हाइकाला देऊ नका. आणि ईएससीवर जेवढ्या सेलचा आकडा लिहिलाय तेवढीच बॅटरी लावा. मी काय केलं आणि काय झालं ते वर वाचलंच.

ट्रक चढत नसेल तर बॅटरी वाढवणं हा इलाज नाही. गियर रेशो वाढवा म्हणजे चाकं हळू फिरतील पण जोर येईल, आणि वजन कमी करा. खरा लोडलेला ट्रकसुद्धा घाटात खालच्या गियरमध्येच चढतो.

विकायला बसाल तर हे माहीत पाहिजे

१ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क लागतो, आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. म्हणून मुलांचं खेळणं म्हणून काही विकायचं असेल तर मार्क असलेलाच माल भरा. तुम्ही स्वतः बनवलेला ट्रक मुलांचं खेळणं म्हणून विकायच्या आधी बीआयएसच्या नियमांबद्दल जाणकाराचा सल्ला घ्या.

बाहेरून मागवायचा विचार असेल तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या बजेटमध्ये ७० टक्के. वायरलेस उपकरण आयात करायला डब्ल्यूपीसीची मान्यताही लागते. परदेशी साइटवरची किंमत रुपयांत बदलून "एवढंच?" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आणि लोगो. एका काकांच्या आठवणीसाठी एक नग बनवणं वेगळं. वाहन कंपनीचा लोगो छापून शंभर नग विकायला बसाल तर परवानगीचा प्रश्न येतो. त्यापेक्षा ट्रकवर मालकाचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव टाका. गिऱ्हाइकाला तेच जास्त आवडतं.

किंमत सांगायची पद्धत

हे माझ्या प्रत्येक बॅचमध्ये मी फळ्यावर लिहितो.

१. सुट्या सामानाचा खर्च काढा. त्यावर दहा टक्के नासधूस धरा. काहीतरी जळणार, काहीतरी चुकीचं कापलं जाणार.

२. अंदाजे तास काढा, त्याला दीडने गुणा. पहिला ट्रक असेल तर दोनने.

३. स्वतःच्या तासाचा भाव ठरवा. तुम्ही नोकरीला गेलात तर तासाला जे मिळेल, त्याच्या खाली जायचं नाही.

४. विकल्यानंतरच्या एका दुरुस्तीचा खर्च आधीच किमतीत धरा.

५. ॲडव्हान्स एवढा घ्या की सामान तुमच्या खिशातून घ्यावं लागणार नाही. मी सात हजार घेतले आणि सामानाला साडेअकरा हजार लागले. उरलेले माझ्याच गल्ल्यातून गेले.

६. तारीख सांगताना कार्यक्रमाच्या आठ दिवस आधीची पकडा. गिऱ्हाइकाला कार्यक्रम माहीत असतो, तुम्हाला ईएससी कधी जळणार ते माहीत नसतं.

हा हिशेब करून आलेला आकडा सांगायला जीभ जड होत असेल, तर मनातल्या मनात ते २३ रुपये तास आठवा. माझे आठवा, म्हणजे तुमचे वाचतील.

त्या दोन पोरांचं काय झालं?

पुंडलिकनगरच्या पोराने तयार ट्रक घेतला, साधाच. उरलेले पैसे बँकेत ठेवायला सांगितले. पैठणच्याला मी काही विकलंच नाही. त्याच्याकडे आधीच एक चालता ट्रक होता, फक्त त्याच्या डोक्यातून तो उतरला होता. त्याला म्हटलं, "त्याचीच वरची बॉडी काढ. गावात कुणाचा तरी जुना ट्रक असेल, टेम्पो असेल, ज्याच्यावर एक घर उभं राहिलं असेल. त्याचा फोटो माग. त्याची बॉडी बनव. पैसे घेऊ नको, पण तास लिही."

तुमच्यासाठीही या आठवड्याचा गृहपाठ हाच. आरसी ट्रकचा धंदा करायचा नसेल तरी चालेल. मसाल्याचा असू दे, शिवणकामाचा असू दे, केकचा असू दे. एक कागद घ्या, मध्ये रेघ मारा. डावीकडे लिहा, माझ्या कामातलं गिऱ्हाईक कशावर बोट ठेवतं. उजवीकडे लिहा, माझे तास कशावर जातात. दोन्ही बाजू जुळत नसतील तर उजवीकडचं काय तयार विकत घेता येईल ते शोधा.

काकांचा ट्रक आजही त्यांच्या टीव्हीशेजारी काचेच्या कपाटात आहे. दादा सांगतात, बाबा तो फार चालवत नाहीत. दर रविवारी फडक्याने पुसतात आणि परत जागेवर ठेवतात.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही उघडा आणि तास लिहायला लागा.